अखंड देखरेख

खाणीशी माझा संबंध विचाराल तर मी उभ्या जन्मात विहिरीतसुद्धा नीट डोकावलेलो नाही. मला गरगरतं. तरीही गेल्या वर्षी खाणीत काम करणाऱ्या बावीस माणसांना परीक्षेला बसवून त्यांच्यावर डोळा ठेवण्याचं काम माझ्या अंगावर आलं. आमच्या इमारतीत सध्या त्याची जी हकिकत फिरते आहे, ती समोरच्या मुख्याध्यापकांनी सांगितलेली आहे. तिच्यात माझे पाय फारच थोडा वेळ जमिनीला लागतात. म्हणून खरं काय ते मीच सांगून टाकतो.

पाणीपुरवठा कार्यालयातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाल्यावर सात महिने मी घराला वळण लावत होतो. स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक दिले, त्यांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि अकरा क्रमांकात साखरेऐवजी मीठ कसं, याचा बायकोकडे खुलासा मागितला. तोंडीच मागितला होता, लेखी नव्हे. पण त्याच दिवशी लेक माझ्यासाठी काम शोधायला लागली. मायलेकींचं आधी काय बोलणं झालं, मला माहीत नाही.

"बाबा, हे ऐका," ती फोनवर बघून म्हणाली. "खाण उद्योगातील लेखी सक्षमता परीक्षांसाठी नैमित्तिक पर्यवेक्षक हवेत. शांत, दक्ष आणि अधिकारवाणी असलेल्यांना प्राधान्य."

"शांत सोडलं तर सगळं जुळतंय," बायको आतून म्हणाली.

नैमित्तिक हा शब्द मला खुपला. चौतीस वर्षं मी कायम होतो. पण पर्यवेक्षक या शब्दाने त्यावर फुंकर घातली. मी होकार दिला आणि लेकीने अर्ज भरला.

सक्षमता मंडळाच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. अर्जावरच्या फोटोत मला चष्मा होता आणि ओळखपत्रावर नव्हता, त्यामुळे दोन्ही मीच कशावरून, असा त्यांचा प्रश्न होता. "बाई, मध्ये एकवीस वर्षं गेली," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "तसं लिहून द्या." मी लिहून दिलं. मग चारित्र्याचा दाखला मागितला. तोही दिला. शेवटी चौऱ्याऐंशी पानांची मार्गदर्शक पुस्तिका आली आणि सोबत छातीला लावायचा बिल्ला. पुस्तिका मी वाचली. म्हणजे बिल्ला लावून पहिली चाळीस पानं वाचली.

मुख्याध्यापक आमच्या समोर राहतात. त्यांनी अठ्ठावीस वर्षं शाळा चालवली आणि त्यातून त्यांच्याजवळ मानवजातीविषयी फक्त संशय उरला आहे. बातमी कळताच ते वही घेऊनच आले.

"कॉपीचे अकरा प्रकार आहेत," ते म्हणाले. "लिहून घ्या."

"अहो, ती मोठी माणसं आहेत. संसारी."

"संसारी माणूस जास्त करतो. त्याला गरज असते." त्यांनी मला प्रकार सांगितले. चौथ्या प्रकारात चिठ्ठी खिडकीतून येते, पाचव्यात झरोक्यातून, सातव्यात टेबलावर टकटक करून एकमेकांना उत्तरं कळवतात. "वारासुद्धा आत येता कामा नये," असं बजावून ते गेले. हा सल्ला मी इतका मनावर घेईन असं त्यांनाही वाटलं नसावं.

परीक्षा एका क्रीडा क्लबच्या टेबल टेनिसच्या हॉलमध्ये होती. दोन लांब टेबलं घडी करून भिंतीला लावलेली आणि मधे लाकडी बाकं. भिंतीवर हरलेल्या आणि जिंकलेल्या खेळाडूंचे फोटो होते. मी दीड तास आधी पोचलो, खिडक्या लावल्या, कड्या घातल्या. वर चार झरोके होते. प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांचा खाकी कागद आणि घरून आणलेली चिकटपट्टी घेऊन मी स्टुलावर चढलो आणि चारही बंद केले. हॉलचा रखवालदार खालून बघत होता.

"साहेब, गुदमरेल की माणूस."

"तीन तासांचा प्रश्न आहे," मी वरून म्हणालो.

पावणेदहाला उमेदवार आत आले. खाणीत माणसांच्या तुकडीवर फोरमन व्हायचं तर ही लेखी परीक्षा पास व्हावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर कितीही वर्षं खाली काढलेली असोत, माणूस हाताखालचाच राहतो. हे सगळं मला पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावरून ठाऊक होतं. पण ती माणसं आत आल्यावर हॉल एकदम लहान झाला. बाकं त्यांना पुरेनात. पेन त्यांच्या बोटांत काडीसारखं दिसत होतं. सगळ्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि मग बसले. मला ती वागणूक संशयास्पद वाटली. तशी नोंद केली.

सतरा क्रमांकाचा उमेदवार पन्नाशीचा होता. मानेवर निळसर वण, केस पार बारीक कापलेले. मी सूचना वाचून दाखवत होतो, तेवढ्यात त्याने बाकावर बोटाच्या पेरांनी टकटक केली आणि कान लावून ऐकलं. सातवा प्रकार! मी थेट त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"कुणाला काय कळवताय?"

"कुणाला नाही साहेब. सवय आहे." तो ओशाळला. "माझं बाक ठीक आहे. तुमच्या टेबलाला मात्र जपा. मघाशी तुम्ही गठ्ठा ठेवलात तेव्हा आवाज पोकळ आला. डावीकडचा पाय सुटलाय."

"माझ्या टेबलाचं मी बघतो," असं म्हणून मी टेबलापाशी परतलो, दोन्ही तळवे टेकले आणि अधिकारवाणीने म्हणालो, "आता प्रश्नपत्रिका..." डावा पाय गेला. मी, उत्तरपत्रिका, पाण्याचा जग आणि पुस्तिका, सगळे एकाच दिशेला गेलो. बावीसांतला एकही हसला नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दोघांनी टेबल उचललं, एकाने पायात पाचर ठोकली, सतराने माझा बिल्ला पुसून दिला. तोंडी आभार मानून मी अनियमित वर्तनाच्या तक्त्यात लिहिलं: 'क्र. १७, टकटक.'

दहाला परीक्षा सुरू झाली आणि पाचच मिनिटांत दिवे गेले. खिडक्या बंद, झरोके बंद. हॉलमध्ये मांजराच्या डोळ्यांनाही अक्षर दिसलं नसतं. रखवालदाराने जनरेटर लावला. तो अंगणात असायचा, पण शेजारच्यांनी आवाजाची तक्रार केल्यापासून त्याने तो आमच्या हॉलमागच्या पॅसेजमध्ये आणून ठेवला होता. पॅसेजच्या दाराखाली बोटभर फट होती. ती मी बुजवली नव्हती. मुख्याध्यापकांच्या यादीत दाराखालच्या फटी नव्हत्या.

दिवे आले. माणसं लिहायला लागली. मी येरझारा घालू लागलो. त्या दिवशी मला सर्दी होती, त्यामुळे कशाचाही वास येत नव्हता. थोड्या वेळाने कपाळ ठणकायला लागलं. जबाबदारीचा ताण असेल, असं मला वाटलं. मुख्य लिपिक असतानाही मार्चअखेरीला असं व्हायचं.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी सतरा उभा राहिला.

"साहेब, हवा खराब झालीय. सगळ्यांना बाहेर काढा."

"बसा. पहिला अर्धा तास कुणालाही बाहेर जाता येत नाही."

"यंत्राचा धूर आत येतोय."

"वास येत असेल तर नाकाला रुमाल लावा."

"वासाचं काही नाही साहेब. ज्याला वास नसतो, ते वाईट. तुमचे ओठ बघा."

उमेदवाराने पर्यवेक्षकाच्या ओठांवर शेरा मारावा, हे पुस्तिकेत कुठेच बसत नव्हतं. मी त्याला सुनवायला पुढे झालो. म्हणजे तसा माझा विचार होता. प्रत्यक्षात मी खाली बसलो, आणि खुर्ची तिथे नव्हती.

पुढचं मला स्वच्छ आठवतं, आणि तेच माझं दुर्दैव आहे. सतरा एक शब्द बोलला. काय, ते मला कळलं नाही, पण बावीसच्या बावीस उठले. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. एकाने खिडकीची कडी उपटली, एकाने दार उघडलं, दोघं यंत्र बंद करायला बाहेरून धावले. बाकीचे भिंतीच्या कडेने एकामागे एक चालायला लागले. आणि सतराने मला उचललं आणि खांद्यावर टाकलं. डोकं मागे, पाय पुढे. सिमेंटचं पोतं टाकतात तसं.

"खाली ठेवा!" मी त्याच्या पाठीशी बोलत होतो. "अजून चार मिनिटं आहेत! आपसात बोलू नका! उत्तरपत्रिका उलट्या ठेवा!"

आणि त्यांनी ठेवल्या हो. तेवढ्या घाईत प्रत्येक जण आपली उत्तरपत्रिका उलटी करून निघाला. माझ्या नोकरीच्या चौतीस वर्षांत माझी सूचना इतकी तंतोतंत कुणी पाळली नव्हती.

बाहेर अंगणात सतराने मला बाकावर ठेवलं आणि डोकी मोजली. "बावीस आणि साहेब. तेवीस." मग पुन्हा मोजली. रखवालदार तेवढ्यात रस्त्यापलीकडून चहाचा पेला घेऊन आला आणि पेला हातात धरून तसाच उभा राहिला.

माझ्या शर्टाची वरची बटणं कुणीतरी सोडली होती. सतरा शेजारी बसला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कितव्यांदा बसताय?"

"तिसऱ्यांदा. येतं सगळं, पण हात चालत नाही. दोन पानं लिहीपर्यंत वेळ संपतो."

"मग कशाला एवढा हट्ट? या वयात?"

"मागच्या साली आमच्या भागात हवा बिघडली होती. मी म्हटलं, माणसं काढा. फोरमन चोवीस वर्षांचा. पास झालेला. तो म्हणाला, तुम्हाला सांगायचा अधिकार नाही. बरोबरच होतं, नव्हता." त्याने हाताची पाठ मांडीवर घासली. "एक जण गेला. माझ्या साडूचा भाऊ. माणसं बाहेर काढा म्हणायला कागद लागतो साहेब. नाहीतर आपण म्हणतो आणि लोक ऐकतात, पण काम थांबत नाही."

मला बरंच काही बोलावंसं वाटलं. त्याऐवजी मला उलटी झाली.

घरी येईपर्यंत मला बरं वाटायला लागलं होतं. दारातच मुख्याध्यापक भेटले. शर्टाची दशा बघून त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. म्हणजे असं सांगितलं, की हॉलमध्ये विषारी वायू शिरला आणि बावीस माणसं सुखरूप बाहेर पडली. हे अक्षरशः खरं होतं. ती कुणी काढली, ते त्यांनीच गृहीत धरलं. संध्याकाळपर्यंत इमारतीत मी वीरपुरुष झालो होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गुच्छ घेऊन आल्या. बायको माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "तुम्ही? बावीस जणांना?" मी खोकलो. खोकल्याने त्या दिवशी बरीच साथ दिली.

चौथ्या दिवशी मंडळाच्या बाईंचा फोन आला. "प्रतिबंधित अर्ध्या तासात सर्व उमेदवारांनी हॉल सोडला. परीक्षा रद्द आणि एक वर्ष पुन्हा बसायला बंदी. तुम्ही फक्त निवेदनावर सही करा. तुमची काही चूक नाही, असं त्यात आम्हीच लिहिलंय."

"एक वर्ष? अहो, आत राहिले असते तर मेले असते!"

"त्यासाठी वेगळा नियम आहे," बाई म्हणाल्या. "उमेदवार मयत झाल्यास शुल्क परत."

निवेदन आलं. सुंदर टाईप केलेलं होतं. 'पर्यवेक्षकांनी वारंवार मज्जाव करूनही उमेदवार निघून गेले.' यातही खोटं काही नव्हतं. मी पेनाचं टोपण काढलं. खाली बावीस क्रमांकांची यादी होती, आणि सतरा हा आकडा टाईप करताना जरा खाली घसरला होता. मी टोपण परत लावलं आणि पुस्तिका काढली. एकेचाळिसाव्या पानापासून पुढे.

सत्तराव्या पानावर ते सापडलं. 'प्रतिबंधित काळात उमेदवारास हॉलबाहेर जाता येणार नाही. परंतु पर्यवेक्षक स्वतः सोबत असल्यास व त्यांची देखरेख अखंड असल्यास अशी अनुपस्थिती, अनुपस्थिती समजली जाणार नाही.' मी तीनदा वाचलं. कायदा त्या माणसांच्या बाजूने होता. फक्त तो माझ्यावरून जात होता.

मी सही न करता ते कलम लिहून पाठवलं, आणि मंडळाने सुनावणी लावली. तिला मुख्याध्यापक धीर द्यायला म्हणून बरोबर आले. मी नको म्हटलं, विनवलं, बसची वेळ खोटी सांगितली. ते स्टॉपवर माझ्याआधी हजर होते.

मंडळाचे अधिकारी बारीक आवाजाचे होते आणि शेजारच्या बाई सगळं टंकत होत्या.

"आपण उमेदवारांच्या सोबत होतात, असं आपलं म्हणणं आहे. पुढे होतात की मागे?"

"वर होतो."

"वर म्हणजे?"

"सतरा क्रमांकाच्या खांद्यावर."

मुख्याध्यापकांची खुर्ची करकरली. मी तिकडे बघितलं नाही.

"बेशुद्ध असाल तर देखरेख खंडित होते," अधिकारी म्हणाले.

"पूर्ण शुद्धीत होतो. ओरडत होतो."

"काय?"

"खाली ठेवा. आपसात बोलू नका. उत्तरपत्रिका उलट्या ठेवा."

बाईंची बोटं थांबली. अधिकाऱ्यांनी रखवालदाराला फोन लावला आणि आवाज मोठा केला. रखवालदाराचा आवाज खोलीभर घुमला, "हो साहेब! मी पलीकडे चहाला उभा होतो, तिथपर्यंत ऐकू आलं. एक गृहस्थ उलटे लटकून उत्तरपत्रिका उलट्या ठेवा, उत्तरपत्रिका उलट्या ठेवा म्हणून बोंबलत होते. मला वाटलं, कुणाला वेड लागलं."

"देखरेख अखंड," अधिकाऱ्यांनी बाईंना सांगितलं. मग माझ्याकडे वळून, अगदी सौम्यपणे, "झरोके कुणी बंद केले होते?"

ते त्यांनी विचारलं नसतं तरी चाललं असतं. "मी," मी म्हणालो. "चिकटपट्टी पण माझीच." मुख्याध्यापक एकाएकी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

निकाल दोन ओळींचा होता. परीक्षा रद्द नव्हे, खंडित. उरलेले दोन तास चौतीस मिनिटं पंधरा दिवसांनी, त्याच प्रश्नपत्रिकेवर पुरी करावी. आणि सध्याच्या पर्यवेक्षकांचं नाव यादीतून काढावं. बिल्ला मी तिथेच टेबलावर ठेवला. बाईंनी त्याची पोच दिली.

परतीच्या बसमध्ये मुख्याध्यापक तीन स्टॉप तिकिटाच्या घड्या घालत होते. चौथ्याला म्हणाले, "डोकं मागे होतं का पुढे?" आणि मग उतरेपर्यंत त्यांचे खांदे हलत राहिले. त्यानंतर इमारतीत काय झालं, ते सुरुवातीला सांगितलंच आहे. बायको मात्र हसली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला वजन झेपलं ना तुमचं?"

पंधरा दिवस तीच प्रश्नपत्रिका डोक्यात घोळवायला मिळाल्यावर बावीसच्या बावीस पास झाले. मंडळाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. त्यांच्या वार्षिक अहवालात या यशाचं श्रेय 'पर्यवेक्षणाच्या नव्या कडक पद्धतींना' दिलेलं आहे. माझं नाव नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी दाराची घंटा वाजली. बाहेर सतरा उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल. मला वाटलं प्रमाणपत्र दाखवायला आला. ते होतंच, वरच्या कप्प्यात. पण त्याने खालचा कागद काढला.

"साहेब, लिहिण्याचं तेवढं बघाल का? कंपनीने खुलासा मागितलाय. गेल्या सोमवारी सकाळी मी माझ्या भागातली माणसं बाहेर काढली. छत बरोबर नव्हतं. एकतीस माणसं."

"मग? छत राहिलं का?"

"पडलं ना. सगळंच आलं खाली."

"कुणाला लागलं?"

"कुणाला लागणार? खाली कुणीच नव्हतं."

मी कागद हातात घेतला. पुन्हा वाचला. "मग खुलासा कशाचा मागतायत?"

"मी सकाळी नऊला काढली. छत दुपारी दोनला पडलं." त्याने बोटं मोडली. "मधल्या पाच तासांचं काम बुडालं, असं म्हणतात. पाच तास आधी का काढली, त्याचं कारण द्या."

बायको पाण्याचा पेला घेऊन आली होती. ती त्याच्या खांद्याकडे एकदा बघून घेऊन तिथेच उभी राहिली. मी चष्मा पुसला आणि टेबलावरचं सगळं बाजूला सारलं. चौतीस वर्षं मी खुलासे मागितले, दिले, फिरवले, दाबले. पण एवढी सुरसुरी हाताला कधी आली नव्हती.

"तुम्हीच लिहा," मी पेन त्याच्यापुढे सरकवत म्हणालो. "अक्षर तुमचं हवं. सावकाश लिहा, इथे घड्याळ लावून कुणी बसलेलं नाही. मी सांगतो."

तो पेन मुठीत धरून वाकला.

"लिहा. महोदय. माणसं नियोजित वेळी, म्हणजे नऊ वाजता, बाहेर आली. पाच तासांचा उशीर छताकडून झालेला आहे. तरी कृपया खुलासा छताकडून मागवावा."